हातातला चेंडू: क्रिस्टीन सिंक्लेअरचे १९० गोल समजून घेताना

२ ऑगस्ट २०२१. जपानमधलं काशिमा. टोकियो ऑलिंपिकच्या महिला फुटबॉलची उपांत्य फेरी, कॅनडा विरुद्ध अमेरिका. सत्तर मिनिटं उलटली तरी गोलफलक कोराच. तेवढ्यात अमेरिकेच्या बचावपटूने गोलसमोरच्या चौकटीत कॅनडाच्या डिअ‍ॅन रोझला पाडलं. रेफरीने मैदानाकडेच्या पडद्यावर तो प्रसंग पुन्हा पाहिला आणि पेनल्टी दिली. चेंडू उचलला कॅनडाच्या कप्तानाने, क्रिस्टीन सिंक्लेअरने. वय ३८. तोवर देशासाठी १८७ गोल. पुरुष असोत की महिला, देशाकडून खेळताना एवढे गोल जगात दुसऱ्या कुणीही केलेले नव्हते.

तिने तो चेंडू जेसी फ्लेमिंगच्या हातात दिला. फ्लेमिंग २३ वर्षांची. सिंक्लेअर देशासाठी पहिला सामना खेळली तेव्हा फ्लेमिंग जेमतेम दोन वर्षांची होती. फ्लेमिंगने चेंडू जाळ्यात मारला आणि कॅनडाने वीस वर्षांनी अमेरिकेला हरवलं.

सिंक्लेअरबद्दल बोलताना लोक १९० हा आकडा सांगून थांबतात. निवृत्तीपर्यंत तिचे गोल तेवढे झाले. आकडा खरा आहे आणि मोठाही आहे, पण तो कसा मोजतात, तो कुणाविरुद्ध उभा राहिला आणि एवढे गोल करणारी बाई ऐन वेळी चेंडू दुसरीला का देते, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचं वजन कळत नाही.

आकडा मोजतात कसा?

फुटबॉलमधला खेळाडू दोन घरचा असतो. पगार क्लब देतो आणि हंगामभर दर आठवड्याचे सामने क्लबकडूनच खेळायचे असतात. अधूनमधून, आधी ठरलेल्या तारखांना, क्लब त्याला देशाच्या संघासाठी मोकळं करतो. १९० गोल हे फक्त देशाच्या घरचे. आपण नाही का आयपीएलच्या धावा वेगळ्या आणि भारतासाठी काढलेल्या धावा वेगळ्या मोजत, तसंच. तिने क्लबसाठी केलेले गोल यात नाहीत, विद्यापीठासाठी केलेले नाहीत, एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून केलेलेही नाहीत. सामना बरोबरीत सुटल्यावर निकालासाठी जे पेनल्टी शूटआउट होतं, त्यातले गोलही खेळाडूच्या खात्यावर जमा होत नाहीत. सामना चालू असताना मिळालेल्या पेनल्टीवरचा गोल मात्र धरतात, आणि मैत्रीपूर्ण सामन्यांतले गोलही धरतात.

देशासाठी खेळलेल्या सामन्याला 'कॅप' म्हणतात. सिंक्लेअरच्या कॅप ३३१. यात तिच्या पुढे एकच नाव आहे, अमेरिकेच्या क्रिस्टीन लिलीचं, ३५४ सामने. गोलांमध्ये सिंक्लेअरच्या मागोमाग अमेरिकेची अ‍ॅबी वॅम्बाक, १८४. पुरुषांमध्ये सर्वात पुढे असलेल्या क्रिस्तियानो रोनाल्डोने १४० चा टप्पा ओलांडला आहे.

आता इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळून पुढे जाऊ नये. वॅम्बाकचा विक्रम सिंक्लेअरने मोडला तो २९ जानेवारी २०२० रोजी, टेक्सासमधल्या एडिनबर्ग गावात, सेंट किट्स अँड नेव्हिस या इवल्याशा कॅरिबियन देशाविरुद्ध. कॅनडाने तो सामना ११-० ने जिंकला. सातव्या मिनिटाला पेनल्टीवर १८४ वा गोल, तेविसाव्या मिनिटाला १८५ वा. असे दुबळ्या संघांविरुद्धचे गोल तिच्या खात्यात पुष्कळ आहेत. कॅनडाचा भौगोलिक गट उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांचा. विश्वचषक आणि ऑलिंपिकची पात्रता फेरी याच गटात खेळावी लागते, आणि या गटात अमेरिका सोडली तर महिला फुटबॉलमध्ये बलाढ्य म्हणावा असा देश फार काळ नव्हता.

पण हाच निकष लावायचा तर तो वॅम्बाकलाही लावावा लागेल, कारण ती त्याच गटातून, त्याच बेटांविरुद्ध खेळली. शिवाय वॅम्बाकच्या मागे अमेरिकेची सगळी मधली फळी उभी होती, जगातली त्या काळची सर्वोत्तम. वॅम्बाकने अडीचशेच्या थोड्या वर सामन्यांत १८४ गोल केले, सिंक्लेअरला १९० साठी ३३१ सामने लागले. याचा एक अर्थ असा लावता येतो की वॅम्बाक अधिक धारदार. मी तो तसा लावत नाही. कॅनडाच्या संघात पुढे चेंडू येणंच मुश्किल असायचं. कित्येक वर्षं त्या संघाची खेळण्याची पद्धत म्हणजे मागून लांब फटका मारायचा आणि पुढे सिंक्लेअर आहे या भरवशावर राहायचं. सामन्यात दोन संधी मिळाल्या तरी खूप, आणि समोर दोन बचावपटू कायम तिच्याच अंगाला चिकटलेले. तिला आवरलं की कॅनडा आवरला, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बर्नबीची पोरगी

व्हँकुव्हर शहराला खेटून बर्नबी आहे. तिथे १२ जून १९८३ ला ती जन्मली. आईचे भाऊ ब्रायन आणि ब्रूस गँट हे दोघेही व्यावसायिक फुटबॉलपटू, त्यामुळे खेळ घरातच होता. चार वर्षांची असताना ती सात वर्षांखालच्या मुलींच्या संघात खेळू लागली. बेसबॉलही खेळायची, मुलांच्या संघातून. टोरंटो ब्लू जेज या बेसबॉल संघाचा रॉबर्टो अलोमार तिचा लाडका खेळाडू, त्याचा क्रमांक १२. तोच तिने घेतला आणि शेवटपर्यंत पाठीवर वागवला.

मार्च २००० मध्ये पोर्तुगालमधल्या अल्गार्व्ह चषकात सोळाव्या वर्षी ती कॅनडाकडून खेळली. कॅनडाचा महिला संघ तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नव्हता, खुद्द कॅनडातही नाही.

तो संघ देशाला पहिल्यांदा दिसला तो २००२ मध्ये. एकोणीस वर्षांखालील मुलींची पहिली जागतिक स्पर्धा कॅनडातच भरली. एडमंटनमध्ये अंतिम सामना पाहायला ४७,७८४ लोक आले. शाळा-कॉलेजातल्या मुलींच्या फुटबॉलला! (पुढे मुलींच्या निरनिराळ्या वयोगटांच्या जागतिक स्पर्धा पसरत गेल्या. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला, भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबईत, आणि त्यात कॅनडाचा संघही खेळायला आला होता.) सिंक्लेअरने २००२ च्या त्या स्पर्धेत १० गोल केले, सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, पण अंतिम सामना कॅनडा अमेरिकेकडून ०-१ ने हरला. तेव्हा 'गोल्डन गोल'चा नियम होता. जादा वेळेत जो संघ पहिला गोल करील तो तिथल्या तिथे जिंकला, पुढे खेळायचंच नाही. अमेरिकेच्या लिंडसे टार्प्लीने तो गोल केला आणि सामना तिथेच संपला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हाच नियम तिच्या बाजूने वळला. ती तेव्हा अमेरिकेतल्या पोर्टलंड विद्यापीठात शिकत होती. कॅनडात मुलींसाठी व्यावसायिक लीग नव्हती, त्यामुळे चांगलं फुटबॉल खेळायचं तर अमेरिकी विद्यापीठाची शिष्यवृत्ती हाच रस्ता होता. पोर्टलंडचे प्रशिक्षक क्लाइव्ह चार्ल्स इंग्लंडचे, वेस्ट हॅमकडून खेळलेले. त्यांना कर्करोग झाला होता. राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात पोर्टलंडने सांता क्लाराला २-१ ने हरवलं, दोन्ही गोल सिंक्लेअरचे आणि दुसरा गोल्डन गोल. पुढच्या ऑगस्टमध्ये चार्ल्स गेले. २००५ मध्ये ती पुन्हा विजेती ठरली, आणि त्या एका हंगामात तिने ३९ गोल करून विद्यापीठीय विक्रम केला.

पायाखालून सरकणाऱ्या लीग

पुरुष फुटबॉल पाहणाऱ्यांच्या ही बाजू चटकन ध्यानात येत नाही. मेस्सी असो वा रोनाल्डो, ज्या लीगमध्ये ते खेळले ती पुढच्या वर्षी असेल की नाही, हा प्रश्न त्यांना कधी पडला नसेल. सिंक्लेअरच्या पिढीला तो सतत पडत होता. अमेरिकेतली पहिली महिला व्यावसायिक लीग २००३ मध्ये बंद पडली, तेव्हा ती अजून विद्यार्थिनी होती. दुसरी २००९ मध्ये सुरू झाली. सिंक्लेअर एफसी गोल्ड प्राइडकडून खेळली. २०१० मध्ये त्यांनी विजेतेपद मिळवलं आणि त्यानंतर लगेचच क्लबच गुंडाळला गेला. विजेता संघ, आणि पुढच्या हंगामात नाहीच! ती वेस्टर्न न्यूयॉर्क फ्लॅशकडे गेली, २०११ मध्ये तिथेही विजेतेपद. मग लीगच बंद. सलग दोन वर्षं अजिंक्यपद मिळवलेली खेळाडू २०१२ च्या ऑलिंपिकला निघाली तेव्हा तिला क्लबच नव्हता.

२०१३ मध्ये तिसरा प्रयत्न झाला, तो टिकला. त्याची रचना निराळी होती. राष्ट्रीय संघातल्या खेळाडूंचे पगार सुरुवातीला अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोच्या फुटबॉल महासंघांनी भरले, म्हणजे क्लबांवरचा सर्वात मोठा बोजा उतरला. सिंक्लेअरच्या वाट्याला पोर्टलंड थॉर्न्स आलं, म्हणजे विद्यापीठाचंच गाव. तिथे ती २०२४ पर्यंत राहिली, बारा हंगाम, आणि २०१३, २०१७, २०२२ अशी तीन विजेतेपदं.

नाक मोडलं, तरी बाहेर आली नाही

२०११ चा विश्वचषक जर्मनीत होता. सलामीचा सामना बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये, सत्तर हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर, यजमान आणि गतविजेत्या जर्मनीविरुद्ध. मागच्या, म्हणजे २००७ च्या संपूर्ण विश्वचषकात जर्मनीने एकही गोल खाल्ला नव्हता. कॅनडा ०-२ ने मागे होता. उत्तरार्धात जर्मन बचावपटूचं कोपर लागून सिंक्लेअरचं नाक मोडलं. डॉक्टरांनी आणि प्रशिक्षकांनी बाहेर यायला सांगितलं, तिने ऐकलं नाही. ८२ व्या मिनिटाला गोलपासून बऱ्याच अंतरावर फ्री किक, म्हणजे नियमभंगाबद्दलचा मोकळा फटका, मिळाली. चेंडू समोर ओळीने उभ्या बचावपटूंच्या भिंतीवरून वळत जाळ्याच्या वरच्या कोपऱ्यात गेला.

कॅनडा हरलाच, १-२. पुढचे दोन्ही सामनेही हरला आणि सोळा संघांत सोळावा आला. त्या स्पर्धेत कॅनडाचा एकुलता एक गोल तोच.

घरी परतल्यावर संघ मोडल्यासारखा झाला होता. नवे प्रशिक्षक आले, जॉन हर्डमन, मूळचे इंग्लंडचे, आधी न्यूझीलंडच्या महिला संघाबरोबर होते. लंडन ऑलिंपिकला जेमतेम वर्ष उरलं होतं.

६ ऑगस्ट २०१२

एकच सामना पाहून सिंक्लेअर समजून घ्यायची असेल तर हा पाहावा. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, ऑलिंपिकची उपांत्य फेरी, समोर अमेरिका.

बाविसाव्या मिनिटाला मेलिसा टँक्रेडीने तिच्याकडे चेंडू सरकवला. सिंक्लेअर वेगवान धावपटू कधीच नव्हती. तिचं कसब पहिल्या स्पर्शात होतं. चेंडू पायाशी आला की पुढचं पाऊल कुठे पडणार हे तिचं आधीच ठरलेलं असायचं. बचावपटूंना चुकवून ती आत वळली आणि गोलकीपरच्या आवाक्याबाहेर चेंडू ठेवला. 'मारला' म्हणण्यापेक्षा 'ठेवला' हाच शब्द तिच्या बहुतेक गोलांना शोभतो. अमेरिकेने मेगन रपिनोच्या कॉर्नरवर बरोबरी साधली, तो चेंडू थेट कोपऱ्यातून जाळ्यात गेला होता. ६७ व्या मिनिटाला टँक्रेडीच्या क्रॉसवर सिंक्लेअरचा हेडर, २-१. तीन मिनिटांत पुन्हा रपिनो, २-२. आणखी तीन मिनिटांत कॉर्नरवर पुन्हा सिंक्लेअरचा हेडर, ३-२. जगज्जेत्या दर्जाच्या संघाविरुद्ध, ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत, तीनही गोल एकटीचे.

मग जे घडलं ते कळायला एक नियम ठाऊक हवा. गोलकीपरने चेंडू हातात धरला की तो ठराविक वेळात सोडायचा असतो, नाहीतर वेळकाढूपणा होतो. तेव्हा ही मर्यादा सहा सेकंदांची होती, आणि मोडली तर प्रतिस्पर्ध्याला त्याच जागेवरून 'अप्रत्यक्ष फ्री किक', म्हणजे थेट गोलात मारता येत नाही, आधी दुसऱ्या कुणाचा स्पर्श व्हावा लागतो. नियम पुस्तकात होता, पण तो लावलेला कुणी सहसा पाहिला नव्हता. गोलकीपर दहा-बारा सेकंद धरायचे आणि रेफरी फार तर हाताने घाई करायची खूण करायचे. त्या दिवशी अ‍ॅबी वॅम्बाक रेफरीजवळ उभी राहून मोठ्याने सेकंद मोजत होती. हे तिने नंतर स्वतःच सांगितलं. ७८ व्या मिनिटाच्या सुमारास नॉर्वेच्या रेफरी क्रिस्टिना पेडरसन यांनी कॅनडाची गोलकीपर एरिन मॅक्लाउडविरुद्ध शिट्टी वाजवली.

चौकटीत, गोलसमोर फ्री किक. रपिनोचा फटका कॅनडाच्या बचावपटूच्या हाताला लागला. दुसरी शिट्टी, पेनल्टी. वॅम्बाकने गोल केला, ३-३. जादा वेळही संपत आली असताना, १२३ व्या मिनिटाला अ‍ॅलेक्स मॉर्गनच्या हेडरने अमेरिका ४-३ ने जिंकली.

सिंक्लेअर मितभाषी. पत्रकारांना तिच्याकडून एक चटकदार वाक्य मिळायची मारामार. त्या संध्याकाळी मात्र ती रेफरींबद्दल उघड बोलली, आणि त्या सामन्यानंतरच्या वर्तनासाठी पुढे फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, तिच्यावर चार सामन्यांची बंदी घातली. नियम लावला तो पुस्तकाप्रमाणेच, हे मान्य. तरीही मला तो निर्णय आजही अन्यायाचा वाटतो. वर्षानुवर्षं झोपवलेला नियम उपांत्य सामन्याच्या बाराव्या मिनिटाला नाही, शेवटच्या बाराव्या मिनिटाला जागा व्हावा? खेळ चालवणाऱ्यांनाही बहुधा हा नियम असाच ठेवता येणार नाही असं वाटलं असावं. २०२५ पासून मर्यादा आठ सेकंदांची झाली, रेफरी शेवटची पाच सेकंदं हात वर करून बोटांनी मोजून दाखवतो, आणि शिक्षा म्हणून फ्री किकऐवजी कॉर्नर मिळतो.

तीन दिवसांनी कोव्हेंट्रीत फ्रान्सविरुद्ध ब्राँझपदकाची लढत. कॅनडाच्या मुली थकून गेल्या होत्या, फ्रान्सचे फटके गोलखांबांना लागून परत येत होते. ९२ व्या मिनिटाला डायना मॅथेसनने गोल केला आणि पदक मिळालं. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये सांघिक खेळात कॅनडाला १९३६ नंतर मिळालेलं ते पहिलं पदक. सिंक्लेअर सहा गोलांसह स्पर्धेत अव्वल, आणि समारोपाच्या संचलनात कॅनडाचा झेंडा तिच्या हातात.

नऊवरून दहावर

फुटबॉलमध्ये जर्सीवरच्या क्रमांकापेक्षा जागेचा क्रमांक महत्त्वाचा. 'नऊ नंबर' म्हणजे सर्वात पुढे उभी राहणारी, जिचं काम गोल करणं. 'दहा नंबर' तिच्या थोडं मागे, मधल्या फळीच्या आणि आघाडीच्या मध्ये. तिने चेंडू घ्यायचा, वळायचं आणि पुढच्यांना वाट करून द्यायची. तिशी ओलांडल्यावर सिंक्लेअर हळूहळू नऊवरून दहावर आली. पाय मंदावले की बरेच स्ट्रायकर संपतात. तिचा खेळ मुळातच पायांच्या वेगावर उभा नव्हता, म्हणून ती मागे सरकू शकली. गोलांचा वेग त्यामुळे कमी झाला, आणि ३३१ सामन्यांत १९० हे प्रमाण वाचताना ही शेवटची वर्षंही लक्षात घ्यायला हवीत. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये यजमान ब्राझीलला २-१ ने हरवून कॅनडाने पुन्हा ब्राँझ घेतलं, त्यातला दुसरा गोल तिचा. पहिला होता सतरा वर्षांच्या डिअ‍ॅन रोझचा, हीच ती काशिमाची पेनल्टी मिळवून देणारी.

चेंडू दुसरीला देण्याची काशिमाची वेळ पहिली नव्हती. २०१९ च्या विश्वचषकात पॅरिसमध्ये बाद फेरीत कॅनडा स्वीडनविरुद्ध ०-१ ने मागे होता आणि पेनल्टी मिळाली. स्वीडनची गोलकीपर हेडविग लिंडाल सिंक्लेअरला चांगली ओळखून होती. सिंक्लेअरने जनीन बेकीला विचारलं आणि चेंडू तिला दिला. लिंडालने उजवीकडे झेपावत तो अडवला. कॅनडा बाहेर. एवढी मोठी खेळाडू, स्वतः का नाही मारला, असं घराघरात म्हटलं गेलं.

ज्याने एकदा असा दोष पत्करला तो दुसऱ्यांदा बहुधा चेंडू सोडत नाही. टोकियोत उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलविरुद्धच्या शूटआउटमध्ये पहिली पेनल्टी सिंक्लेअरनेच घेतली होती, आणि ती अडवली गेली होती. कॅनडा तरीही जिंकला, पण त्या घटकेला पेनल्टीसाठी संघात सर्वात भरवशाचा पाय कुणाचा, हे तिला कळत होतं. तो तिचा नव्हता. म्हणून काशिमात चेंडू फ्लेमिंगकडे गेला.

अंतिम सामना योकोहामात, ६ ऑगस्ट २०२१. ओल्ड ट्रॅफर्डला त्याच दिवशी नऊ वर्षं झाली होती. आपल्याकडे त्या दिवशी सकाळी डोळे लागले होते महिला हॉकीच्या ब्राँझपदकाच्या सामन्याकडे. तोही ४-३ नेच गेला, ग्रेट ब्रिटनच्या बाजूने. आपल्या मुलींची ती रडवेली तोंडं पाहिलेल्या कुणालाही २०१२ ची सिंक्लेअर समजावून सांगावी लागणार नाही.

समोर पुन्हा स्वीडन. पूर्वार्धात कॅनडा मागे पडला. उत्तरार्धात सिंक्लेअर चौकटीत घुसली, तिला पाडलं, आणि पेनल्टी मिळाली. पुन्हा फ्लेमिंग, पुन्हा गोल, १-१. ८६ व्या मिनिटाला सिंक्लेअर बदली खेळाडूला जागा देऊन बाहेर आली, म्हणजे शूटआउट तिने बाकावरच्यांबरोबर पाहिलं. स्वीडनची कप्तान कॅरोलीन सेगरच्या पायात सुवर्णपदक होतं, तिचा फटका आडव्या खांबावरून गेला. गोलकीपर स्टेफनी लाबेने पुढचा अडवला. शेवटचा फटका जुलिया ग्रोसोचा. कीपरच्या हाताला लागून चेंडू आत गेला आणि कॅनडाला सुवर्ण. ग्रोसोचा जन्म ऑगस्ट २००० चा. सिंक्लेअर कॅनडाकडून पहिल्यांदा खेळली तेव्हा ती जगात आलेलीच नव्हती.

स्वतःच्या देशात लीग नाही

तिची आई सँड्रा मल्टिपल स्क्लेरोसिसने आजारी होती, मेंदू आणि मज्जारज्जूच्या नसांवरचं आवरण हळूहळू झिजवणारा हा आजार. फेब्रुवारी २०२२ मध्ये ती गेली. त्यानंतरच्या वर्षी सिंक्लेअर ओटावात संसदेच्या समितीसमोर बसली. प्रश्न पैशांचा आणि वागणुकीचा होता. महिला संघाचा करार संपला होता, नवा होत नव्हता, आणि कॅनडाच्या फुटबॉल महासंघाने प्रायोजक व प्रक्षेपणाचे हक्क आधीच एका खासगी कंपनीला ठरावीक रकमेवर देऊन टाकले होते. संघ जिंको वा हरो, महासंघाच्या तिजोरीत येणारा पैसा तेवढाच. सुवर्णपदक मिळवणाऱ्या मुलींना समान मानधनासाठी जांभळे शर्ट घालून निषेध करावा लागला.

२०२३ च्या विश्वचषकात ती खेळली, तिचा सहावा. आधीच्या पाचही विश्वचषकांत तिने गोल केले होते, सहाव्यात केला असता तर तसं करणारी ती जगातली पहिली ठरली असती. मेलबर्नमध्ये नायजेरियाविरुद्ध पेनल्टी मिळाली. या वेळी तिने स्वतः मारली. कीपर चियामाका न्नाडोझीने ती अडवली. सामना ०-० राहिला आणि कॅनडा साखळीतच बाद झाला.

५ डिसेंबर २०२३ ला व्हँकुव्हरच्या बीसी प्लेसमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तिचा देशासाठीचा शेवटचा सामना झाला. त्या एका रात्रीपुरतं मैदानाचं नाव बदलून 'क्रिस्टीन सिंक्लेअर प्लेस' केलं होतं. ४८,११२ लोक आले. तिचा गोल झाला नाही. कॅनडा १-० ने जिंकला, गोल मधल्या फळीतल्या क्विनचा.

तेवीस वर्षं देशासाठी खेळून, तीन ऑलिंपिक पदकं मिळवूनही तिला स्वतःच्या देशाच्या महिला व्यावसायिक लीगमध्ये एक सामना खेळायला मिळाला नाही, कारण तशी लीगच नव्हती. ती उभी करायचं मनावर घेतलं ते कोव्हेंट्रीचा गोल करणाऱ्या डायना मॅथेसनने. नॉर्दर्न सुपर लीग हे तिचं नाव. सहा संघ. त्यातल्या व्हँकुव्हर राइज या संघाच्या मालकांत सिंक्लेअर आहे. १६ एप्रिल २०२५ ला लीगचा पहिला सामना झाला, त्याच बीसी प्लेसवर, व्हँकुव्हर राइज विरुद्ध कॅल्गरी वाइल्ड. एकच गोल झाला. पेनल्टीवर, आणि तो पुन्हा क्विनचाच.